चंदेरीवरचा पांढरा बाण

दादा,

हे तुला पाठवणार नाही.

नवख्यांनी वाट चुकू नये म्हणून मस्कतला जायच्या आधी तू चंदेरी गडाच्या वाटेवरच्या एका दगडावर पांढरा बाण रंगवलास. यंदा दरड आली, तो दगड फिरला आणि बाण कड्याकडे वळला.

रविवारी आपल्या रेस्क्यू टीमला फोन आला. कॅम्प पाच वस्तीतले दोघे भाऊ धुक्यात कड्यावरून पडले होते. आम्ही दोर लावून उतरलो, पण वर आणले ते मृतदेहच.

त्यांचे वडील प्रत्येकाला एकच विचारत होते, "उधर किसने भेजा उनको?" टीममधले म्हणाले, वाट चुकले. मीही मान हलवली. दुसऱ्या दिवशी एकटी चढले आणि तुझा बाण खरवडून काढला.

काल तू फोनवर विचारलंस, "हर्षे, माझा बाण दिसतो ना गं अजून?"

दिसतो म्हटलं.

तुझी,
हर्षदा