बिरूची ग्रह नसलेली माणसं

विश्रामबाग, सांगली
मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७

आज फार वाईट बोललो मी. कॉलेजच्या कॉम्प्युटरवर आम्ही चौघं अंतराळातल्या राज्यांचा गेम खेळत होतो. माझा रूममेट बिरू, जतचा. त्यानं स्वतःचा ग्रहच नसलेली माणसं निवडली. सगळी जमात जहाजांत राहते, मिळेल तिथं मुक्काम करते आणि पुढं जाते. मी म्हणालो, "ज्यांना टेकायला जमीन नाही, ते कसलं राज्य करणार?" सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मीच.

बिरू म्हणाला, "माझं आई-बा बी असंच मेंढरांमागं फिरत्यात रं. आत्ता कुठं असतील, मला बी ठावं न्हाई." आणि उठून गेला.

अशा फिरत्या माणसांचं जगणं मला माहीत नव्हतं का? गावी, उंब्रजला, आमच्याच शेतात दरवर्षी खतासाठी धनगरांची मेंढरं बसवतो आम्ही. त्यावर आमचं पीक येतं. तरी हसलो. तेही मोठ्यानं.

खोलीवर येऊन म्हटलं, "बिरू, चुकलं माझं. उद्या तुझ्या माणसांकडून मी खेळतो."

पुस्तकातून वर न बघता तो म्हणाला, "नगं गड्या. तुला टेकाया जमीन लागती."

तो परत पुस्तकात शिरला. मीही वहीत तोंड खुपसून बसलोय.