मधल्या ओळी

प्रिय सूनबाई,

मी पास झाले. यादी आज दुपारी सव्वाबाराला लागली आणि ती पक्की आहे हे आमच्या मुख्य परिचारिकेने स्वतः सांगितलं. माझा क्रमांक मला दिसला होता, तरी मी तो तिला वाचायला लावला. तिने यादीवर बोट ठेवलं, शंभरात एकाहत्तर म्हणाली, आणि सोमवारपासून शस्त्रक्रियेची हत्यारं धुण्याच्या टेबलावरून तपासणीच्या टेबलावर यायचं, असं वाफेवाल्याच्या देखत सांगितलं. वाफेवाला म्हणजे तोच, हत्यारं वाफेने निर्जंतुक करणारा आमचा ऑटोक्लेव्ह चालवणारा, ज्याने वर्षभर माझं डोकं खाल्लं. या वयात इंग्रजी शिकून काय देवाशी भांडणार का, असं तो विचारायचा. आपल्या भाषेत भांडून काय पदरात पडलं, असं मी त्याला एकदा ऐकवलं. आज त्याने चहा पाजला. वर म्हणाला, मावशी, आता माझ्या ट्रेमधल्या चुका इंग्रजीत काढू नका, आधीच कमी कळतं.

तू सहाला घरी येशील. ही बातमी तोंडाने सांगता आली असती, ती सांगेनच. पण मला आणखी काही सांगायचं आहे, आणि ते समोरासमोर जमत नाही. मी गंभीर झाले की तू हसून दुधाचा नाहीतर भाजीचा विषय काढतेस आणि मीही तो काढू देते. म्हणून तू येण्याआधी हे लिहून तुझ्या उशीखाली ठेवते आहे. निवांत वाच.

पहिल्या वेळी मी नापास झाले तेव्हा तू मला काही विचारलं नाहीस. तेव्हाची गोष्ट तुला आज सांगते. परीक्षा कशी असते ते तुला ठाऊक आहे. एक उतारा, त्यातल्या दहा कठीण शब्दांखाली रेघा, शब्दकोश नाही. शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत लिहायचा आणि तो कशावरून काढला तेही लिहायचं. नव्या यंत्रांची सगळी माहिती इंग्रजीत येते, रोज नवा शब्द निघतो, प्रत्येक शब्दाला शब्दकोशाकडे कोण धावणार, म्हणून हा नियम. दोनदा नापास झालेल्याला कपड्यांच्या गाड्या ढकलायला पाठवणार होते. माझे गुडघे तुला माहीत आहेत.

तर पहिल्या उताऱ्यात एक माणूस महिनाभर रोज संध्याकाळी जुना पंप दुरुस्त करत बसतो. त्याच्या प्रयत्नांना एक शब्द लावला होता, फ्यूटाइल. मी लिहिलं, यशस्वी. कशावरून, तर शेवटच्या ओळीत तो हात पुसून हसतो यावरून. असे दहापैकी सात शब्द मी उलटे लिहिले.

इंग्रजीच्या वर्गात बाईंनी तो पेपर माझ्यासमोर ठेवला. आमच्या बाईंना सगळे कशावरूनबाई म्हणतात, कारण तुम्ही काहीही बोला, त्यांचा पुढचा शब्द तोच. एकजण म्हणाली, बाई, उद्या मला यायला जमणार नाही, ताप येईलसं वाटतंय. बाई म्हणाल्या, कशावरून? वर्ग भरतो त्या वाचनालयाच्या मागच्या खोलीतली खिडकी आपटते, तिला त्यांनी भलामोठा शब्दकोश टेकू म्हणून लावला आहे. कोणी तो काढला की खिडकी धाडकन मिटते आणि चोर सापडतो. अनोळखी शब्द दिसला की दार ठोठावत सुटायचं नाही, त्या म्हणतात, आधी त्याच्या आजूबाजूला कोण राहतं ते बघा. ‘पण’ आला की समजा, पुढचा माणूस आधीच्याच्या उलट. ‘म्हणून’ आला की एक दुसऱ्याच्या पोटातून निघाला. उदाहरण दिलं असेल तर नशीब समजा. आणि अंदाज बांधला की तो शब्दाच्या जागी बसवून वाक्य पुन्हा वाचा. बसला नाही तर काढून टाका, लोभ धरू नका.

मला हे सगळं पाठ होतं, तरी सात शब्द उलटे कसे? बाईंनी उताऱ्याचा मधला भाग वाचायला लावला. तिथे सरळ लिहिलं होतं की पंपाला पाणी कधी आलंच नाही आणि शेवटी त्या माणसाने त्यात फुलझाड लावलं. मी ते वाचलंच नव्हतं. मी सांगितलं, बाई, आमच्याकडे प्रत्येक ट्रेबरोबर एक कागद असतो. वर ट्रेचं नाव, खाली इशारा, मधला मजकूर सगळ्या कागदांवर एकसारखा. दिवसाला चाळीस ट्रे. आम्ही वरचं वाचतो, खालचं वाचतो आणि ट्रे पुढे सरकवतो. एकोणीस वर्षं डोळ्यांना हीच सवय. बाई पहिल्यांदाच कशावरून म्हणाल्या नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या कापून दिल्या. उताऱ्याच्या वरच्या आणि खालच्या ओळींवर ठेवायच्या आणि पंधरा दिवस फक्त मधलं वाचायचं. चिमटे मोजणारी माझी मैत्रीण म्हणाली, हिला आता लग्नात बोलावलं तर ही मधल्याच पंगतीला येईल.

त्या पंधरा दिवसांतल्या एका दुपारी मी कपाट उघडून तो जुना कागद काढला. दोन वर्षांपूर्वीचा, डॉक्टरांनी दिलेला, गोळ्यांचा. वर गोळीचं नाव आणि खाली जेवणानंतर घ्यावी हे मी तेव्हाच वाचलं होतं. पट्ट्या ठेवून मधलं वाचलं. पाय सुजले तर गोळी डिसकंटिन्यू करा आणि ताबडतोब दाखवायला या. डिसकंटिन्यू शब्द मला तेव्हा येत नव्हता, पण त्याच्या शेजारी सूज होती, ताबडतोब होतं, डॉक्टर होते. तेवढ्यावरून लहान मूलही समजलं असतं. मी मात्र सुजलेल्या पायांनी तीन आठवडे ती गोळी घेतली आणि मोरीत पडले. तू मला दवाखान्यात नेलंस, आठ दिवस उशाशी बसलीस, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलंस की डॉक्टरांचं अक्षर फार वाईट आहे. सूनबाई, तो कागद छापील होता.

त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक कागद तू वाचायला लागलीस. विजेचं बिल, बँकेचं पत्र, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी. कामावरून आल्यावर पाय धुवायच्या आधी विचारायचीस, आई, आज काही आलं का? आणि आता जे लिहिणार आहे ते लिहायला मी दोनदा पेन खाली ठेवलं. त्यातलं निम्मं मला वाचता येत होतं. पहिल्या सहा महिन्यांत नसेल, पण नंतर तुझं ऐकून ऐकून येत होतं. मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवायची. तू शेजारी बसून वाचायचीस, मध्येच कार्यालयातलं काही सांगायचीस, चहा थंड व्हायचा. ती अर्धी घटका मला सोडवत नव्हती. माझा मुलगा गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हा तुझे भाऊ तुला न्यायला आले होते आणि तू जात नाही म्हणालीस. मी तेव्हा तोंडदेखलंसुद्धा जा म्हटलं नाही. भीती वाटली की म्हटलं तर जाशील. त्यानंतर मी कधी गोळ्यांनी, कधी गुडघ्यांनी आणि कधी न येणाऱ्या इंग्रजीने तुला बांधून ठेवलं. सगळं जाणूनबुजून नव्हे, पण सगळं नकळतही नव्हे.

मग परीक्षेचा नियम आला आणि मला पुस्तक उघडावंच लागलं. सुरुवात नोकरीसाठी केली हे खरं. पण शब्द सुटायला लागले तशी मला त्यात गोडी वाटू लागली. मेटिक्युलस आला तेव्हा वाक्यात एक बाई दोनदा मोजून जुळलेले कापसाचे बोळे तिसऱ्यांदा मोजत होती. मी मनात म्हटलं, ही तर मीच. ऑब्सोलीट म्हणजे ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत म्हणून जे झाकून ठेवलंय ते. वाफेवाल्याला तो शब्द भेट दिला. त्याने आठवडाभर मिरवला, मग अर्थ कळला.

आणि गेल्या महिन्यात आला रेटिसंट. धाकटी बहीण रस्त्यावरच्या अनोळखी माणसाशीही तासभर बोलायची, मोठी मात्र रेटिसंट, तिच्या मनातलं काढायला अख्खी दुपार लागायची. अर्थ लिहिला, मनात असून न बोलणारी. बरोबर आला. पण तो शब्द घेऊनच मी घरी आले. कारण तू तर धाकटीसारखी. तुझ्या कार्यालयात कोणाची पेन्सिल हरवली तरी मला कळतं. त्या खाडीवरच्या मोठ्या पुलाबद्दल तू चार महिने बोलत होतीस, त्याचे आराखडे तू काढलेस, खांब किती, पाया किती खोल, भिंतीवर बोटाने काढून दाखवायचीस. आणि तीन आठवडे झाले, पुलाचं नाव नाही. मी पट्ट्या ठेवल्या. वरची ओळ, तू खूश आहेस. खालची ओळ, सगळं ठीक आहे. मध्ये काय, ते बघायला लागले. तू जाड तळाचे बूट आणलेस, चिखलात चालायचे, आणि चौथ्या दिवशी परत करून आलीस. खालच्या शिवणकामवालीला विचारलंस की दिवसातून दोनदा आईंकडे डोकावशील का, आणि दुसऱ्या दिवशी राहू दे म्हणालीस. ती बिचारी मलाच विचारायला आली, मी काही चुकीचं बोलले का? अकरा वर्षं कागदावर पूल काढणाऱ्या बाईला कोणीतरी खऱ्या पुलावर बोलावलं असणार, आणि तिने नाही म्हटलं असणार.

अंदाज वाक्यात बसतो का ते पाहायचं राहिलं होतं. म्हणून मंगळवारी, तू मोजणीला बाहेर गेली होतीस तेव्हा, मी तुझ्या कार्यालयात जाऊन तुमच्या मोठ्या साहेबीणबाईंना भेटले. रागावू नकोस. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि खरं सांगितलं. पुलावर, तिथेच राहून करायची, दोन वर्षांची जागा तुला देऊ केली होती. घरी अडचण आहे म्हणून तू नको म्हणालीस. ती अडचण म्हणजे मीच का, असं मी विचारलं, तेव्हा त्या एकदम रेटिसंट झाल्या. जागा अजून कोणाला दिलेली नाही, सोमवारी दुपारपर्यंत थांबतो, तुझ्या तोंडून हो आलं तर तुझीच, एवढं म्हणाल्या. मी त्यांना तुझ्या वतीने काही कबूल केलेलं नाही, तो माझा अधिकार नाही. आजच्या यादीची मात्र वाट पाहत होते. नापास झाले असते तर हे पत्र लिहायला मला तोंड नव्हतं, तू मला सोडून कशी जाणार हे मीही म्हटलं असतं. आता म्हणता येणार नाही. औषधं, बिलं, बँक, सगळं मी वाचेन, मधल्या ओळींसकट. अडले तर बाई आहेत. पडले तर शिवणकामवाली आहे, तिला मी रविवारी स्वतः सांगणार आहे. सहा वर्षांपूर्वी जे म्हणायला हवं होतं ते आज लिहून देते. जा. माझ्यावर रुसून जाऊ नकोस, माझी कीव करून राहूही नकोस. सोमवारी सकाळी सातला मी तपासणीच्या टेबलाशी बसलेली असेन. तुमच्या साहेबीणबाई नऊला येतात. दहाच्या आत त्यांना तुझा होकार पोहोचेल असं मी धरून चालले आहे, आणि संध्याकाळी आपण दोघी ते बूट पुन्हा घ्यायला जाऊ.

तुझीच, आता स्वतःचे कागद स्वतः वाचणारी,
आई