जाऊन राहिले

पुणे,
२ सप्टेंबर २००४

ती. प्रफुल्लदादास,
रीनाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मागच्या पत्रातला माझा 'आशिर्वाद' तू लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवलास. मास्तर, नववीत शाळा सोडायला कोणी सांगितले होते? वसतिगृहातल्या मुली पोट धरून हसल्या.

बातमी अशी की श्रीलंकेचे नक्की झाले. नर्सिंगची परीक्षा आटोपली आणि नोकरीवर पुढच्या वर्षी आलीस तरी चालेल, असे दवाखान्याने लिहून दिले. माझ्या खोलीतली अल्का आणि मी वर्षभर तिथेच. शेवटचे चार महिने एका विहाराच्या शाळेत मुलांना इंग्रजी शिकवायचे, त्यावर राहणे-जेवण. त्याआधीचे महिने बसने गावोगाव. एकदा नोकरी आणि लग्न झाले की असे मोकळे वर्ष पुन्हा मिळायचे नाही. पाच ऑक्टोबरचे तिकीट आहे.

पण बाबांचा खोकला मनातून जात नाही. दादा, खरे लिही. जास्त असेल तर तिकीट परत करते आणि घरी येते. तुझ्या पत्रावर सारे ठरेल.

आईबाबांना जयभीम. तुझी माया आहे तशीच असू दे.

तुझी,
रीना


अर्जुनी मोरगाव,
१४ सप्टेंबर २००४

चि. रीना हिस,
अनेक आशीर्वाद (शी दीर्घ).

तुझे पत्र दोनदा वाचले. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढ, एक अल्काच्या बॅगेत ठेव. पाणी उकळून पी. बसच्या टपावर सामान देऊ नकोस. तिकडे साप कोणते असतात, ते आधी विचारून घे. बाबांना नकाशा दाखवला. मधल्या समुद्रावर बोट ठेवून म्हणाले, हे त आपल्या इटियाडोह धरणाएवढंच पाणी आहे, याले समुद्र कायले म्हणतेत?

धान निसवू लागले आहे. बाबांना औषध चालू आहे. बिरसीच्या शामकला आत्या येऊन गेल्या. बाबांना थोडे दिवस माझ्याकडे पाठवा, असा त्यांचा फार आग्रह. आईने तिच्या नावाने एक ओळ लिहायला लावली आहे, ती शुद्ध करून लिहितो : बाबा जाऊन राहिले आहेत.

प्रकृतीस जपावे. आमच्यावरचा जीव कमी होऊ देऊ नये.

तुझा दादा,
प्रफुल्ल


पुणे,
२३ सप्टेंबर २००४

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

बाबा आत्याकडे जाऊन राहिले, हे वाचून जीव भांड्यात पडला. बिरसीपर्यंतचा प्रवास झेपला म्हणजे तब्येत सुधारली. आता मी निर्धास्त जाते. आत्या त्यांना गरम गरम खाऊ घालत असतील. परतले की सांग, पुढच्या वर्षी त्यांनाही नेईन. सापांचे विचारले, अल्का म्हणते, तुझ्या भावाला घाबरून पळतील.

तुझी,
रीना


अर्जुनी मोरगाव,
११ नोव्हेंबर २००४

चि. रीना हिस,
आशीर्वाद.

भोजराजच्या दुकानात तुझा फोन आला, मी बाबा गेल्याचे सांगितले, तेव्हा बाबा तर आत्याकडे होते ना, एवढेच तू विचारलेस आणि लाइन तुटली. त्याचे उत्तर विहाराच्या पत्त्यावर लिहितो.

बाबा बिरसीला गेलेच नव्हते. ऑगस्टमध्येच गोंदियाच्या डॉक्टरांनी दोन-तीन महिने सांगितले होते. तुला कळवायचे नाही, अशी बाबांनी मला शपथ घातली. आईला ते सहन होईना. ती म्हणाली होती, तिले लिहून दे, तुहा बाप जाऊन रायला. म्हणजे जात आहेत, हातचे चालले. मी 'तुहा बाप'चे 'बाबा' केले, 'रायला'चे 'राहिले आहेत' केले, ऱ्हस्व-दीर्घ तपासले. बाबांचे बोलणे सोडले तर आपली बोली मी पत्रात लिहीत नाही, म्हणून तूही ती ओळ पुस्तकातल्यासारखी वाचलीस. तुझी चूक नाही.

यापुढचे माझे आहे. तुझे उत्तर २९ सप्टेंबरला आले. सहा दिवस हातात होते, वसतिगृहाचा नंबर माझ्याकडे होता. वाचून दाखवताच आई ओरडली, फोन कर. बाबा म्हणाले, पोरीले एक वर्ष भेटलं, काऊन मोडतो? मी चप्पल घालून निघालो आणि भोजराजच्या दुकानासमोरून परत आलो. बाबांनी अडवले, असे मी लोकांना सांगतो. खरे म्हणजे, लिहिण्यात माझी चूक झाली, हे तुला तोंडाने सांगायची लाज वाटली.

आई ताट वाढते, माझ्याशी बोलत नाही.

तू गेल्यावर बाबा रोज सकाळी विचारत, आज आपली पोर कोन्या गावात असंल. तुझे तिकडून पत्र आले नव्हते. मी एकेका गावाचे नाव सांगत असे. तिथं काय पाहून राहिली असंल, असे विचारत. मी कधी तळे सांगे, कधी शाळा. २९ ऑक्टोबरला सकाळी मी कँडी म्हटले. त्यांनी मान हलवली. दुपारी गेले.

लोभ ठेव, असे लिहायची हिंमत होत नाही, तरी लिहितो. त्या दिवशी तू खरोखर कुठे होतीस, तेवढे कळव.

प्रफुल्ल