दुसरी किल्ली

भाईंदर (पूर्व), ४ ऑक्टोबर

चि. रुचितास बाबांचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. फोनवर तू सगळं ठीक आहे म्हणून मोकळी होतेस, म्हणून हा कागद. तूही हाताने लिही आणि फोटो काढून पाठव. तुझं अक्षर खोटं बोलत नाही.

एकच विचारायचंय. जाताना ठरलं होतं, आठवड्याच्या आत घराची दुसरी किल्ली शेजारी कोणाकडे तरी द्यायची. बाथरूममध्ये तुला फिट आली तेव्हा मी ऑफिसात, तुझी आई तर त्याआधीच देवाघरी गेलेली. शेजारच्या ममताबेनकडे आपली किल्ली होती म्हणून तू आज जर्मनीत, लाइपझिगला नोकरी करतेयस. त्या रोज विचारतात, बेटी बराबर जेवते ना. तू जाऊन आज सहावा दिवस. गोळ्या चुकवू नकोस.

तुझा,
बाबा

लाइपझिग, ७ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमच्या किल्लीने मला हैराण केलंय. इथलं दार नुसतं ओढलं तरी बंद होतं. दुसऱ्याच दिवशी कचरा टाकायला गेले आणि बाहेर अडकले. किल्लीवाला येईपर्यंत दोन तास जिन्यात बसून होते.

खालच्या मजल्यावर केलर नावाच्या आजी एकट्या राहतात. काल बेसनाचे लाडू आणि किल्ली घेऊन गेले. त्यांनी लाडू घेतले, किल्ली नाही. विचारलं, किती दिवस गावाला चाललीस, झाडांना पाणी किती घालू. मी म्हटलं, गावाला नाही, मला कधी कधी चक्कर येते. तर म्हणाल्या की चक्कर त्यांनाही येते, आणि दार लावून घेतलं. बाबा, खरंच रडू आलं.

तुमची,
रुचिता

भाईंदर, ८ ऑक्टोबर

चि. रुचितास आशीर्वाद.

चक्कर हा शब्द माझा. तू चौदा वर्षांची होतीस तेव्हापासून सोसायटीत, नातेवाइकांत मी तोच सांगत आलो. लग्नाला अडचण नको, झाकली मूठ सव्वा लाखाची. खरं फक्त ममताबेनना माहीत, तेही त्यांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणून. काय झालंय हेच ज्या बाईला ठाऊक नाही, ती किल्ली घेऊन करणार काय? पुन्हा जा. मिरगी म्हण, त्यांच्या भाषेतला शब्द पाठ करून जा. माझ्यावर रागव हवं तर, पण जा.

बाबा

लाइपझिग, ११ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न.

दिली! सगळं कागदावर लिहून नेलं होतं. आजींनी आत बसवलं, चष्मा लावला आणि विचारलं, मग मी काय करायचं? एवढंच. मी सांगितलं, कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर अँब्युलन्स. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि मला वाचून दाखवलं. ममताबेननी हुंगवलेला कांदा मात्र मी यादीत घातला नाही, त्यांना सांगू नका.

आता रोज सकाळी कामावर जाताना मी आजींचं दार दोनदा वाजवायचं. वाजलं नाही की त्या वर येणार. आज आंघोळ निवांत केली, इथे आल्यापासून पहिल्यांदा.

तुमचीच,
रुचिता

भाईंदर, १५ ऑक्टोबर

चि. रुचितास पोटभर आशीर्वाद.

पत्र ममताबेनना वाचून दाखवलं, कांदा गाळून. त्या डोळे पुसत आत गेल्या आणि माझ्यासाठी ढोकळा घेऊन आल्या.

आता माझं ऐक. परवा कांदिवलीच्या एका स्थळाचा फोन आला होता. मुलगा तिकडे जर्मनीतच असतो. त्यांनी पत्रिका मागितली, मी आधी मिरगीचं सांगितलं. गोळ्यांचं, बाथरूमचं, सगळं. ते कळवतो म्हणाले. अजून कळवलेलं नाही, कळवतील असं वाटतही नाही. एरवी मी आठवडाभर कुढत बसलो असतो.

त्या दुपारी मी जरा आडवा झालो तो थेट पाच वाजता उठलो. तुला फिट यायला लागल्यापासूनच्या चौदा वर्षांत असा झोपलो नव्हतो, पोरी.

बापावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
बाबा