मेतवल्लींच्या हातचा घास

रविवार, ५ ऑक्टोबर

घर छान आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, कारण पुढे मी कशाकशाला नावं ठेवणार आहे ते मला माहीत आहे. अलेक्झांड्रिया, करमूझ, दुसरा मजला. सामेहने, माझ्या मुलाने, कुवेतला जाण्याआधी घेऊन ठेवलेलं. गॅलरीतून समोरच्या कबरस्तानाची भिंत दिसते. आधीच्या, दमनहूर गावातल्या खोलीतून मला तीस वर्षं शेजाऱ्याच्या वाळत घातलेल्या विजारी दिसल्या. त्यापेक्षा मेलेली माणसं बरी. स्वयंपाकघराला दार आहे आणि दाराला कुलूप आहे. आज दोनदा उगीचच उघडलं आणि लावलं, नव्या नवरीसारखं.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. काय खाल्लं, कधी खाल्लं, का खाल्लं, सगळं खरं लिहायचं. ‘का’ म्हणे! भूक लागली म्हणून, आणखी कशाला खातात? लिहायला-वाचायला मी बेचाळिसाव्या वर्षी शिकले, तळलेले वडे बांधून येतात त्या वर्तमानपत्रांच्या तुकड्यांवर. त्यामुळे माझं वाचन तेलकट आणि अर्धवट आहे, पण ज्या बायका शाळेत गेल्या त्यांच्यापेक्षा जास्त आहे.

डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम आहे. महिन्याने पुन्हा बघतील. रक्तातली साखर उतरली नाही तर अंगठा काढतील. पुढचं डॉक्टरीणबाई बोलल्या नाहीत, आणि गरजही नव्हती. आमच्या ह्यांचा, मेतवल्लींचा, आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत पाय, आणि गेल्या फेब्रुवारीत उरलेले मेतवल्ली. मी तशी तुकड्यातुकड्याने जाणार नाही. माझ्या पायांवर चालत जाईन.

रात्रीचं जेवण सात वाजता: काकडी, उकडलेलं अंडं, अर्धी कोंड्याची रोटी. सातनंतर काही नाही.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सकाळी बाकल्याच्या दाण्यांची उसळ, तेल एक चमचा. दुपारी भोपळ्याची भाजी. संध्याकाळी दही. रात्री साडेअकराला दोन काकड्या. का: कारण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की रात्री भूक लागली तर ती खरी भूक नसते, पाणी प्या, मग काकडी खा, मग दात घासून झोपा. त्यांचे दंड माझ्या झाडूच्या काठीएवढे आहेत. अशा बाईला रात्रीच्या भुकेबद्दल विचारणं म्हणजे माशाला तहानेबद्दल विचारणं.

रात्री खाणाऱ्या माणसाचा मला मनापासून तिटकारा आहे, स्वतःसकट. हे रात्री एकला उठायचे, मांजरासारखे पाय न वाजवता. आणि एकट्याने खाणं ह्यांना जमायचं नाही. मला हलवून उठवायचे आणि पहिला घास माझ्या तोंडाशी धरायचे. “घ्या राणीसाहेब, माझ्या हातचा.” हातचा घास परतवला तर आमच्यात तो हाताचा अपमान. मी झोपेतच तोंड उघडायचे. अशी आम्ही दोघांनी मिळून साखर कमावली.

सकाळची साखर एकशे अठ्ठेचाळीस. डॉक्टरीणबाई खूष होतील.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आज शुरेक भाजले, वीस. मला खायचे नाहीत. गुरुवारी मेलेल्या माणसाच्या नावाने हे तीळ-बडीशेप लावलेले गोड पाव भाजायचे आणि कबरीपाशी वाटायचे, ही आमची रहमत. त्याचं पुण्य त्याला पोचतं म्हणतात. दमनहूरला मी आठ महिन्यांत एक गुरुवार चुकवला नाही. इथून ह्यांची कबर साठ किलोमीटर. पण समोरच्या फाटकाशी कुराण म्हणणारे आंधळे आणि गरीब बायका बसतात, पोट सगळ्यांचं सारखंच.

वरच्या मजल्यावरची नबविया वास घेत खाली आली. ट्राम कंडक्टरची विधवा. तोंडाला झाकण नाही. म्हणाली, “सामेहच्या आई, तूप हात सैल सोडून घातलंस हो! चल, ऊन आहे तोवर वाटून येऊ. हातातून हातात द्यायचं, नाव घ्यायचं, आणि सूर्य बुडायच्या आत परात रिकामी.” मी म्हटलं, पाय ठणकतोय, उद्या बघू. ती म्हणाली, मेलेल्याच्या नावाची परात घरात रात्र काढत नाही. मी म्हटलं, मेलेल्याला दात नसतात, त्याला कसली घाई?

शुक्रवार, १० ऑक्टोबर

खरं लिहायचं ठरलंय म्हणून लिहिते. रात्री बाराला चार शुरेक खाल्ले. उभ्याने, दिवा न लावता, कपड्याखालून काढून. का: कारण ते तिथे होते.

सकाळी नबवियाला सांगितलं, उरलेले सोळा तू वाट. तिने परातीला हातसुद्धा लावला नाही. ज्या परातीतून घरच्यांनी खाल्लं ती रहमत राहत नाही, म्हणे, ते जेवण होतं. “आणि नाव तर मेतवल्लीचं घेऊन भाजलंस ना? मग तू त्याच्या ताटावर बसलीस, बाई. आता तू त्याची पाहुणी.” मी इतकी हसले की अंगठा दुखला. म्हटलं, पंचेचाळीस वर्षं त्यांना वाढलं, एकदा त्यांनी मला वाढलं तर काय बिघडलं? ती हसली नाही. अशी माणसं विनोदाला घाबरतात आणि भुताला चहा देतात.

उरलेले सोळा फेकायचे नव्हते. अन्न फेकणं पाप. तीन दिवस पुरतील.

सोमवार, १३ ऑक्टोबर

शुरेक संपले. सांगायला लाज वाटत नाही, किळस येते. आजपासून कडक. डबे धुतले, साखर, मध, तिळाचा हलवा सगळं नबवियाच्या गळ्यात मारलं. घरात आता भाज्या, अंडी, दही आणि डाळ. एवढं शहाणं घर मी आयुष्यात पाहिलं नाही.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

काल दिवसभर पाला आणि दही. सातनंतर पाणी. सकाळी दाढेत तीळ सापडला. दोन दिवसांपूर्वीचा असेल, माझ्या दाढा खड्ड्यांच्याच आहेत.

साखर दोनशे नव्वद. यंत्र बिघडलंय.

बुधवार, १५ ऑक्टोबर

औषधाच्या दुकानात दुसरं यंत्र लावून पाहिलं. तीनशे चार. पोरगा म्हणाला, मावशी, रात्री काय हाणलंत? मी त्याला सांगितलं की तुझ्या आईला विचार.

उशीवर बारीक चुरा होता. जिभेवर बडीशेप.

म्हणजे मी झोपेत उठते. झोपेत चालणाऱ्या बायकांबद्दल मी वाचलंय. पण मी खाते काय? घरात गोडाचा कण नाही. स्वयंपाकघराच्या दाराला कुलूप लावून किल्ली नबवियाकडे दिली. तिने न विचारता घेतली, हेच मला आवडलं नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

कुलूप तसंच. साखर तीनशे वीस.

दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी वही वाचली, पेनाने दोन ओळींखाली रेघ मारली आणि गोड आवाजात म्हणाल्या, सगळेच लपवतात मावशी, मला राग येत नाही. मी म्हटलं, मला येतो. अंगठ्याकडे बघून मात्र त्यांचा आवाज गोड राहिला नाही. शेजारचं बोटही काळपट झालंय. आता महिना नाही, दहा दिवस.

सामेहचा फोन आला. म्हणाला, “आई, बाबांसारखं करू नकोस गं. गादीखाली बघ, बाबांचा माल सापडेल.” स्वतःच्याच विनोदावर खिदळत बसला. फोन ठेवल्यावर मी गादी उचलून पाहिली. चाळिशी ओलांडलेला मुलगा आणि त्याचं ऐकणारी म्हातारी, दोघांची लायकी एकच.

गादीखाली काही नव्हतं.

रविवार, १९ ऑक्टोबर

रात्री तोंडावर ओढणी बांधली, मागे दोन गाठी. सकाळी ओढणी खुर्चीवर होती. गाठी सोडवलेल्या. तोंड तुपकट.

आज झोपणार नाही. कॉफी, साखरेशिवाय. बघतेच कोण येतं ते.

सोमवार, २० ऑक्टोबर

एकच्या सुमाराला तूप तापल्याचा वास. स्वयंपाकघरातून नव्हे, उशाकडून. गादी उजव्या बाजूला दबली. मी डोळे मिटले. भित्रेपणा आहे, पण खरं लिहायचंय. ओठांना बोटं लागली. हाताच्या अंगठ्याला सुताच्या गिरणीतला कडक घट्टा. पंचेचाळीस वर्षं ओळखते मी तो.

भीती वाटली असं लिहायला पाहिजे. आधी राग आला. मेला तरी सवय गेली नाही.

मग भीती वाटली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

नबवियाला सांगितलं. तिने ‘मी म्हटलं नव्हतं का’ असं म्हटलं नाही, त्यामुळे मी आणखी घाबरले. चाळीस शुरेक भाजले. तिच्या खांद्यावर हात टाकून पायऱ्या उतरले. दुपारी तीनला, फाटकाशी, हातातून हातात. प्रत्येकाला म्हटलं, मेतवल्लीसाठी. परात रिकामी. एक कणही चाखला नाही. वर येताना प्रत्येक पायरीवर डाव्या चपलेचा ओला ठसा उमटत होता.

इतकं हलकं वाटलं की मी गाणं गुणगुणले. माझं गाणं ऐकून नबवियाने कानांवर हात ठेवले. दोघी हसलो.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

आला. आज पाच घास. मोजले.

नबविया म्हणते, वाटलेलं त्याला पोचलं, म्हणून तर त्याचं ताट आता भरलेलं आहे. यजमान पाहुण्याच्या आधी ताटावरून उठत नाही. पाहुण्याने उठून घराबाहेर जायचं असतं. “तू ऊठ आणि जा, बाई. दमनहूरला जा, कुवेतला जा, रशीद गावी माझ्या बहिणीकडे जा. त्याच्या ताटावरून ऊठ.”

मी पहिल्यांदा तिचं ऐकलं. उद्या सकाळची गाडी.

शनिवार, २५ ऑक्टोबर

उभी राहिले आणि पडले. डावं पाऊल जमिनीला लागलेलं कळतच नाही. दुखत नाही. दुखत होतं तेव्हा बरं होतं.

तीन बोटं काळी.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. फेब्रुवारीतल्या त्या रात्री ह्यांनी शेजाऱ्यांकडून आलेली बसबूसा, पाकातली रव्याची वडी, मागितली. एक घास. मी म्हटलं नाही. दुसऱ्यांदा मागितली. नाही. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा मी म्हटलं, मरायचं तर मरा, माझ्या हाताने नाही. पहाटे गेले. उपाशी. डॉक्टर म्हणाले, तुम्ही योग्यच केलंत.

योग्यच केलं. आठ महिने हेच म्हणतेय.

रविवार, २६ ऑक्टोबर

डॉक्टरीणबाई घरी आल्या. पाय बघून खाली बसल्या. आता त्यांना चिडवायला मला मजा येत नाही. उद्या सकाळी आठला गाडी येईल, थेट इस्पितळात. पाऊल जाईल, पण आज रात्री साखर आणखी चढली नाही तर गुडघा वाचेल, म्हणाल्या. बहुतेक मीही. “आजची एक रात्र, मावशी. तोंडात काही जाऊ देऊ नका.”

नबविया सोबतीला बसलीय. कंदिलासारखी जागी राहीन म्हणाली. अकरालाच घोरायला लागली.

एक वाजून दहा

आला.

दिवा चालू आहे. वही मांडीवर. लिहीत राहिले तर हात गुंतलेले राहतील, असं —

दिसत नाही काही. गादी दबली आहे. वास.

नबवियाला हाक मारली. ती कूस बदलून पुन्हा —

आज कळलं. तो जबरदस्ती करत नाही. कधीच केली नाही. हात तोंडापाशी धरून थांबतो फक्त. तोंड मी उघडते. रोज मीच —

नाही म्हटलं. मोठ्याने.

हात तिथेच.

पुन्हा म्हटलं. नाही, मेतवल्ली. मला उद्या जायचंय. मला जगायचंय, लाज वाटते पण जगायचंय —

हात मागे जात नाही. त्या रात्रीसारखा. उपाशी माणसाचा हात. स्वतः खात नाही, मला —

आणखी एकदा नाही म्हटलं की झालं. तिसऱ्यांदा. त्याला कळतं तिसऱ्यांदा म्हटलेलं. मग सकाळ. मग गाडी —

घास ओठाला टेकलाय. अगदी टेकलाय. आणि नाही म्हणायला तोंड तर उघडावंच ला