शमीमचं बोट, माझी शुगर

६ जानेवारी, मंगळ.
ही वही बाईंच्या हुकमावरून. ‘गोड सोबती’ हा आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, शुगरवाल्यांचा आणि त्यांच्या घरच्यांचा. बारामतीच्या जगताप बाई चालवतात. स्वतः वीस वर्षं इन्सुलिनवर, त्याआधीपासून शाळेत मास्तरीण. दोन्हीचा परिणाम दिसतो. रोज सकाळी सातच्या आत उपाशीपोटी रक्त तपासायचं आणि मशिनचा फोटो ग्रुपवर टाकायचा. शिवाय खाल्लेलं सगळं वहीत.
खाल्लं: भाकरी दोन, वांगं, माझ्याच फळांच्या दुकानातला एक पेरू (अर्धा सडका होता, म्हणून अर्धाच धरला).
उद्यापासून फोटो.

७ जाने.
उ.पो. २६२. मशिन नवीन, म्हटलं चुकलं असेल. परत टोचलं. २६८. तिसऱ्यांदा टोचायची छाती होईना. सुईची भीती लहानपणापासूनची, ती ग्रुपवर कशी सांगणार.
बायको, शमीम, चहा ठेवत होती. म्हणाली, “आना हिकडं. माझं बगा, मशिन खरं का खोटं कळंल.” तिला शुगर नाही, तिचं ११२. म्हणजे मशिन खरं.
सात वाजायला तीन मिनिटं. ११२चा फोटो टाकला. एका दिवसापुरतं.

८ जाने.
बाईंचा मेसेज: “रशीदभाई, पहिल्याच दिवशी ११२. याला म्हणतात शिस्त.” खाली सतरा अंगठे. पंचावन्न वर्षांचा झालो, शाळेत असताना कुणी असं म्हटलं नव्हतं.
उ.पो. १०९ (श.). कंसातलं फक्त माझ्यासाठी. श. म्हणजे शमीम.
खाल्लं: नेहमीचं.

१२ जाने.
पिंपळीचे तात्या. भाजीपाला पिकवतात, शुगर कधी दोनशेच्या खाली आली नाही. टाईप करत नाहीत, बोलूनच मेसेज पाठवतात, मागं विहिरीची मोटर चालू. “रशीदभाई, तुमी काय करता ते सांगा की. आमी बी करतो.”
काहीतरी सांगणं भाग होतं. म्हटलं, कडुलिंबाचा कोवळा पाला, सकाळी मूठभर, आणि गोळी वेळेवर. गोळीचं तरी खरं सांगितलं. पाल्याचं कुठून सुचलं अल्ला जाणे. दुकानासमोर झाड आहे, त्याच्यावर नजर गेली असणार.

१५ जाने.
उ.पो. ११८ (श.). काल संक्रांत, शेजाऱ्यांकडून तिळगूळ, लाडू, गुळाची पोळी. मला बंद, म्हणून माझ्या वाटणीचं शमीम खाते. घरात अन्न वाया जाता कामा नये, हा तिचा कायदा.
बाई: “सणालासुद्धा ११८. सगळ्यांनी बघा.” बघितलं सगळ्यांनी.

१९ जाने.
नवा नियम. फोटोत बोटही दिसलं पाहिजे. कुणीतरी जुनेच फोटो फिरवून टाकत होतं म्हणे. काय एकेक माणसं असतात.
शमीमच्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि फोटो काढला.

२४ जाने.
परवा भाचीचं लग्न झालं. शमीमच्या बोटाला मेंदी, हे माझ्या लक्षात फोटो गेल्यावर आलं.
पाच मिनिटांत तात्या: “रशीदभाई, मेंदी?”
लिहिलं, दाढीला लावताना लागली.
“मग नखं बी दाढीसाटीच वाढवली काय?”
ग्रुपवर हसणारे चेहरे. दुकानात गिऱ्हाईक आहे असं लिहून फोन ठेवला. मग बसून खरंच दाढी रंगवली, उद्या कुणी दुकानावर आलं तर पंचाईत नको. शमीम म्हणाली, “बरी दिसतीया.” एवढीच कमाई.
उ.पो. १२१ (श.).

३० जाने.
तात्यांच्या तोंडाची चव गेली. भात कुठला आणि आमटी कुठली कळत नाही म्हणतात. शुगर २१४. “आमच्या झाडाचा पाला कमी पडत आसंल. तुमच्या हितला धाडा.”
बारामतीला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोतून एक पिशवी पाठवली. आता माघार कशी घेणार.
उ.पो. १२९ (श.). माझी सात तारखेनंतर बघितलीच नाही. तळपायाची आग होते. चप्पल बदलून बघितली.

३ फेब्रु.
पेरू लावत होतो, तेव्हा फोन वाजला. ग्रुपवर एकानं विचारलं होतं, “मिसेसला शुगर नाही. गंमत म्हणून तपासली, ११५. चांगली ना?” मी ‘फार छान’ लिहायला घेतलं, तेवढ्यात बाईंचं उत्तर आलं:
“आपल्याला ११५ म्हणजे शाबासकी. ज्याला शुगर नाही त्याची उपाशीपोटी शंभराच्या आत हवी. १२६च्या वर गेली तर घरच्या मशिनवर विसंबू नका, लॅबमध्ये तपासून घ्या.”
वही काढली. ११२. १०९. ११८. १२१. १२९. आजची १३४.
एकेका आकड्याला मी शाबासकी घेतली आणि तिकडं शमीमची शुगर चढत होती. गिऱ्हाईक डाळिंबाचा भाव विचारत होतं, मी त्याला १३४ म्हणालो. ते निघून गेलं. मी फार घाबरलो आहे.

४ फेब्रु.
शमीमला सांगितलं.
“शुगर तुमाला, लबाडी तुमची, आन् डाक्टरकडं मी? मशिन बिगाडलंय.”
बिघडलंय का ते दाखवायला तिच्यासमोर माझं बोट टोचलं. २७१. तिनं मशिन हातात घेऊन आकडा वाचला. मग म्हणाली, “रमजान दोन हप्त्यांवर आलाय. ईद होऊ द्या, मग बगू.”
म्हणजे न तपासता महिनाभर रोजे. म्हटलं, नको.
“तीस वर्सं ह्या घरात हाय. एक रोजा सोडला न्हाय मी.”
फोटो टाकला नाही. बाईंचा मेसेज: “रशीदभाई गैरहजर.”

७ फेब्रु.
तीन दिवस समजावतोय. ती ऐकत नाही. माझं कुणी का ऐकावं म्हणा. बाईंचं ऐकेल, बाईंचं सगळेच ऐकतात. पण बाईंना सांगायचं म्हणजे पहिल्यापासून सगळं…
तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं.

८ फेब्रु.
टाकलं. ग्रुपवरच, सगळ्यांसमोर.
“आजपर्यंतची शुगर माझी नव्हती, शमीमची होती. तिला शुगर नाही असं समजत होतो, आता १३४ आहे. माझी २७४. पाल्याचं मी मनानं सांगितलं, तात्या माफ करा. शमीमला कुणीतरी समजवा.” सोबत फोटो, माझ्या बोटासकट.
अकरा मिनिटांनी तात्या, पहिल्यांदाच मोटर बंद करून: “म्या महिनाभर शेळीवानी पाला खाल्ला, रशीदभाई.” दुसरा मेसेज: “वैनींना आदी न्या. आपलं दोघांचं मागनं बगू.”
ते ‘बघणं’ काय असेल त्याची धास्ती आहे. बाईंनी एवढंच विचारलं, “शमीमचा नंबर?”

९ फेब्रु.
बाईंचा फोन, चाळीस मिनिटं. शमीम दोनदा ‘व्हय’ आणि एकदा ‘न्हाय’ म्हणाली. एवढी कमी बोललेली मी तिला लग्नातही पाहिली नाही.
फोन ठेवून: “रोज्याचं डाक्टर सांगतील, पर आदी रगत तपासायचं, आसं बाई म्हंत्यात. गुरुवारी बारामती. पर तुमी बी रगत द्यायचं. माझ्या आदी.”
हे शेवटचं बाईंचं की हिचं, विचारलं नाही.

१२ फेब्रु., गुरु. बारामती.
सहाची एस.टी. दोघं उपाशी. वाटेत साखर कारखान्याचा वास, खिडकी लावून घेतली.
लॅबमध्ये माझं आधी. डोळे मिटले, चक्कर आली नाही. मग शमीमला बोलावलं. हात पुढं करता करता तिनं मला विचारलं, “लय दुखतं का वो?”
म्हटलं, तू तर रोज टोचून घेत होतीस.
“त्ये तर लय दुखायचं. ह्येचं इचारतीया.”
अठ्ठावीस सकाळी तिचं बोट माझ्या हातात होतं आणि मी फक्त मशिनकडं बघत होतो. दुखतं का, हे एकदाही विचारलं नाही. लाज वाटली. तिचा मोकळा हात धरला. लॅबवाला बघत होता, बघू दे.
नंतर दोघांनी इडली खाल्ली. बाई येऊन बसल्यात, शमीमशी बोलतायत. शमीम रोज्याचा विषय काढत नाही.
रिपोर्ट पाचला मिळणार, आत्ता साडेचार. शमीम म्हणते आधी माझा कागद वाचायचा. मी म्हणतो, आधी तिचा. अजून ठरत नाही.