पुस्तकातला एक तास

क्वाड्रा बेटाजवळ, ऑगस्ट

लाडक्या एल्स्पेथताई,

आम्ही दोघं मजेत आहोत. तू विणलेला स्वेटर ऑगस्टातही अंगावरून उतरत नाही. तुझा गुडघा काय म्हणतो?

इथे पाणी फार खोल. नांगर टाकला की डंकन छोट्या होडीतून वल्ही मारत काठावर जातो आणि आमच्या शिडाच्या होडीची मागची दोरी देवदाराला बांधून येतो. बहात्तराव्या वर्षी! मी आपली बघतच राहते.

मंगळवारी मात्र गंमत झाली. इथल्या अरुंद खाडीतून पाणी थांबलेलं असतानाच जायचं असतं. भरती-ओहोटीचं पुस्तक हिवाळ्याच्या घड्याळाने छापतात, उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे करतात, म्हणून त्यात एक तास मिळवावा लागतो. चाळीस वर्षांत डंकन ते कधी विसरला नव्हता. त्या दिवशी आम्ही तासभर आधीच पोचलो. समोर पाणी नुसतं उसळत होतं. त्याने इतक्या सफाईने होडी वळवली की माझ्या कपातला चहासुद्धा सांडला नाही.

"घाबरलीस की काय?"

"तू असताना? छे!"

घाबरले होते गं, पण पाण्याला नाही. मुलांना एवढ्यात काही बोलू नकोस.

तेव्हापासून तो उठायच्या आत मी पुस्तकात बरोबर वेळ पेन्सिलीने लिहून ठेवते. तो चष्मा लावून ती ऐटीत वाचून दाखवतो, मीही "वा!" म्हणते.

आज सकाळी पुस्तक उघडलं, तर आजच्या पानात पेन्सिल ठेवलेली होती. टोक त्याच्या चाकूने नुकतंच काढलेलं.

तुझी धाकटी,
मॉइरा